हजार डॉलर, दहा रुपये

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी १९७६ रोजी ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ या खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्तींची वेगवेगळी मते धरून तो जवळजवळ ३०० पानांचा आहे. त्यातल्या विसाव्या तळटिपेत एक रक्कम अगदी सेंटांसकट नोंदवलेली आहे: ६,९७१ डॉलर ४ सेंट. १ जानेवारी १९७५ रोजी एका मोठ्या शहरातल्या दैनिकात पूर्ण पानाची जाहिरात द्यायची तर एवढे पैसे पडत. न्यायालय ज्या कायद्याची तपासणी करत होते, त्यानुसार सामान्य नागरिकाला एखाद्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात स्वतःहून प्रचार करायचा असेल, तर वर्षाला १,००० डॉलरच्या वर खर्च करण्यास मनाई होती. म्हणजे त्याच्या वाट्याला पानाचा सातवा हिस्सा आला.

पैसा आणि भाषण एकच, असे या निकालाने ठरवले हे सर्रास सांगितले जाते. बहुमताच्या मजकुरात तसे वाक्य नाही. ‘पैसा म्हणजे भाषण’ हे शब्द येतात न्या. बायरन व्हाइट यांच्या भिन्नमतात, आणि तेही विरुद्ध बाजूचा युक्तिवाद खोडून काढताना. कायदा करणाऱ्यांचा संताप खरा होता. त्याला आव्हान देणाऱ्यांची भीतीही तितकीच खरी होती. शिवाय ज्या महिन्यात तो कायदा झाला, त्याच महिन्यात दिल्लीत याच विषयावर नेमके उलटे पाऊल पडले. हे सगळे कागद तारखेच्या क्रमाने शेजारी शेजारी मांडले की काही गोष्टी लख्ख दिसतात.

सुरुवात ३१ मे १९७२पासून करावी लागते. त्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दोन पानांची एक जाहिरात आली. व्हिएतनाममधल्या युद्धाबद्दल अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यावर महाभियोग चालवावा असा ठराव संसदेत मांडला गेला होता, आणि त्याचा मजकूर जाहिरातीत छापला होता. युद्धाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या लोकप्रतिनिधींची सन्मानयादी होती. देणगीचे आवाहन होते. जाहिरातीचा खर्च १७,८५० डॉलर. ती देणाऱ्यांची संघटना मूठभर लोकांची होती. त्यांचा ना पक्ष होता ना उमेदवार.

निवडणूक प्रचाराच्या पैशांबाबतचा १९७१चा कायदा जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, एप्रिल १९७२मध्ये, अमलात आला होता. निक्सन सरकारच्या न्याय खात्याने त्याच कायद्याचा आधार घेऊन या मंडळींना कोर्टात खेचले. तुम्ही निवडणुकीवर प्रभाव पाडण्यासाठी पैसे खर्च केलेत, म्हणून तुम्ही ‘राजकीय समिती’ ठरता, नोंदणी करा, हिशेब दाखल करा, असे सरकारचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने मनाईहुकूम दिला. अपिलात, निवडणूक तोंडावर आली असताना ऑक्टोबरच्या अखेरीस, तो रद्द झाला. सार्वजनिक प्रश्नावर बोलताना एखाद्या उमेदवाराचा उल्लेख झाला म्हणून बोलणारे राजकीय समिती ठरत असतील, तर देशातली कुठलीच संघटना यातून सुटणार नाही, असा अपील न्यायालयाचा रोख होता. त्याच वर्षी नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ला निक्सन यांच्या शालेय धोरणावर टीका करणारी जाहिरात द्यायची होती. कायद्याला हवे ते प्रमाणपत्र जोडल्याशिवाय वृत्तपत्र ती छापेना. हा वादही न्यायालयात गेला.

मला हे दोन प्रसंग फार महत्त्वाचे वाटतात. बड्या पैशाला वेसण घालण्यासाठी केलेल्या कायद्याचा पहिला दणका सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्यांना बसला. आणि त्याच १९७२च्या निवडणुकीत विमा व्यवसायातले धनाढ्य डब्ल्यू. क्लेमेंट स्टोन यांनी निक्सन यांच्यासाठी सुमारे २० लाख डॉलर दिले.

पुढे वॉटरगेटच्या चौकशीत पैशांच्या वाटा एकेक करून उघड्या पडल्या. कायद्याने कंपन्यांना उमेदवारांना देणगी देण्यास बंदी असतानाही अनेक नामांकित कंपन्यांनी पैसे दिले होते, आणि १९७३पासून त्यांची कबुली सुरू झाली. दूध उत्पादकांच्या सहकारी संघटनांनी २० लाख डॉलरचे वचन दिले होते आणि दुधाच्या आधारभाव वाढीशी त्याचा संबंध जोडला गेला. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले. १५ ऑक्टोबरला नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी काही तरतुदींबद्दल शंका नोंदवत सुधारित कायद्यावर सही केली.

या कायद्याने दोन प्रकारच्या मर्यादा घातल्या. एक देण्यावर: एका व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीत १,००० डॉलर, आणि सगळ्यांना मिळून वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच द्यावेत. दुसरी खर्चावर: प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराने ७०,००० डॉलर, अध्यक्षपदाच्या उमेदवाराने मुख्य निवडणुकीत २ कोटी डॉलरच्या आत राहावे, स्वतःचा पैसाही ठरावीक रकमेपर्यंतच लावावा, आणि बाहेरच्या कोणी स्वतंत्रपणे प्रचार केला तर त्याला ती हजार डॉलरची सीमा.

कायदा १ जानेवारी १९७५ला लागू झाला आणि २ जानेवारीला दावा दाखल झाला. वादींची यादी वाचताना क्षणभर थांबायला होते. न्यूयॉर्कचे कट्टर उजवे सिनेटर जेम्स बकली. १९६८मध्ये युद्धविरोधी उमेदवार म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांना हादरवणारे यूजीन मॅकार्थी. मॅकार्थी आणि नंतर १९७२मध्ये निक्सन यांच्याविरुद्ध लढलेले मॅकगव्हर्न यांना मोठाल्या देणग्या देणारे जनरल मोटर्सच्या घराण्याचे वारस स्टुअर्ट मॉट. आणि न्यूयॉर्कची नागरी स्वातंत्र्य संघटना. लक्षाधीश आणि जाहिरातीपुरते पैसे गोळा करणारे कार्यकर्ते एकाच अर्जावर होते. प्रतिवादी फ्रान्सिस व्हॅलिओ हे सिनेटचे सचिव, म्हणजे या भांडणात त्यांचे नाव निव्वळ पदामुळे आले. बकलींनी कायदा संमत होतानाच त्याची घटनात्मक तपासणी लवकर व्हावी अशी तरतूद त्यात घालून घेतली होती, म्हणून प्रकरण झपाट्याने वर गेले.

ऑगस्ट १९७५मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने बहुतेक सगळा कायदा उचलून धरला. पैसा खर्च करणे ही कृती आहे, भाषण नव्हे, असा त्याचा आधार होता. १० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले. कायद्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांमध्ये आर्चिबाल्ड कॉक्स होते. वॉटरगेट प्रकरणातले हे विशेष अभियोक्ता, निक्सन यांनी त्यांना १९७३च्या ऑक्टोबरमध्ये पदावरून काढायला लावले होते.

निकाल कोणा एका न्यायमूर्तीच्या नावाने नाही, न्यायालयाच्या नावाने आला. अपील न्यायालयाचा आधार त्यात नाकारला आहे. छापलेले पत्रक, भाड्याचे सभागृह, दूरचित्रवाणीवरची वेळ, सगळ्याला पैसे लागतात. बोलण्यासाठी पैसे लागतात एवढ्यावरून बोलणे हे बोलणे राहत नाही, असे कधीच होत नाही. अठराव्या तळटिपेत दाखला दिला आहे: हवे तितके हिंडायला मोकळीक, पण पेट्रोलची टाकी एकदाच भरून मिळणार. तरीही देणगीवरची मर्यादा न्यायालयाने टिकवली. देणगीदार देतो तेव्हा पाठिंबा व्यक्त होतो, पण पुढचे बोलणे दुसऱ्याचे असते. शिवाय मोठ्या रकमेतून सौदेबाजी आणि सौदेबाजीचा संशय, दोन्ही उद्भवतात. खर्चावरच्या तिन्ही मर्यादा मात्र पुसल्या गेल्या. सरकारच्या वतीने समतेचा मुद्दा मांडला गेला होता. काहींचा आवाज वाढावा म्हणून दुसऱ्यांचा आवाज कमी करणे हे भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीत बसतच नाही, असे उत्तर मिळाले.

हजार डॉलरची सीमा रद्द झाली ते योग्यच झाले, असे माझे ठाम मत आहे. १९७२च्या त्या जाहिरातीकडे पाहिल्यावर दुसरे मत होत नाही. पण उमेदवाराच्या एकूण खर्चाची मर्यादा त्याच तराजूत घालणे मला पटत नाही. व्हाइट यांनी १९६०मध्ये केनेडींच्या प्रचारात प्रत्यक्ष काम केले होते, निवडणूक आतून पाहिली होती. मर्यादा नसेल तर उमेदवाराचे आयुष्य पैसे मागण्यात जाते, ही त्यांची नोंद अनुभवातून आलेली आहे. उलट बाजूलाही वजन आहे. ७०,००० डॉलरची रेघ ओढणारे स्वतः निवडून आलेले होते, आणि अनोळखी नव्या उमेदवाराला नाव लोकांपर्यंत न्यायला त्यांच्यापेक्षा जास्त पैसा लागतो. रेघ कोण ओढतो, हे पाहिल्याशिवाय ती न्याय्य आहे की नाही हे सांगता येत नाही.

आता दिल्ली. ३ ऑक्टोबर १९७४, म्हणजे फोर्ड यांच्या सहीच्या १२ दिवस आधी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला’ हा निकाल दिला. १९७१च्या लोकसभा निवडणुकीत ‘दिल्ली सदर’ मतदारसंघातून काँग्रेसचे चावला निवडून आले होते. जनसंघाचे गुप्ता हरले आणि त्यांनी निवडणूक याचिका केली. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ७७ उमेदवाराने ‘केलेला किंवा मंजूर केलेला’ खर्च मोजते. पक्षाने त्याच्यासाठी घेतलेल्या सभांचा खर्च कोणाच्या खाती? न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिले की उमेदवाराच्या माहितीने पक्ष खर्च करतो आणि उमेदवार त्याचा लाभ घेतो, हरकत घेत नाही, तेव्हा त्याची मूक मंजुरी आहे असे धरावे लागते. मर्यादेचे हेतू त्यांनी दोन सांगितले: लहानातल्या लहान पक्षाला श्रीमंत पक्षाच्या बरोबरीने लढता यावे, आणि बड्या पैशाचा प्रभाव शक्य तितका दूर राहावा. चावलांची निवड रद्द झाली.

१६ दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, राष्ट्रपतींचा वटहुकूम निघाला. कायदामंत्री होते ह. रा. गोखले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. कलम ७७ला एक स्पष्टीकरण जोडले गेले: कोणत्याही न्यायालयाचा निर्णय काहीही असो, राजकीय पक्षाने, संस्थेने किंवा अन्य व्यक्तीने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराचा मानला जाणार नाही, आणि पूर्वीही कधी तो तसा होता असे मानले जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने आधीच रद्द केलेल्या निवडणुका मात्र वगळल्या. डिसेंबरमध्ये वटहुकमाचा कायदा झाला. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत कारण उघड दिले आहे: ज्यांच्याविरुद्ध निवडणूक याचिका प्रलंबित आहेत त्यांच्यावर या निकालाचा परिणाम होईल, म्हणून तातडी. त्या वेळी अलाहाबाद उच्च न्यायालयात राजनारायण यांची इंदिरा गांधींविरुद्धची याचिका चालू होती आणि खर्चमर्यादेचा मुद्दा तीत होता. ही दुरुस्ती घटनाबाह्य आहे असा आक्षेप राजनारायण यांच्या बाजूने घेतला गेला. नोव्हेंबर १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

चार दिवसांच्या अंतराने एका लोकशाहीने पैशाला बांध घातला आणि दुसरीने घातलेला बांध फोडला. अमेरिकेत बांधाचा एक भाग नंतर भाषणस्वातंत्र्याच्या नावाने, दोन्ही बाजू ऐकून, उघड युक्तिवादानंतर काढला गेला. आपल्याकडे वटहुकमाने तो काढला. आणि स्पष्टीकरणाचा मजकूर असो की उद्देशपत्रिका, अभिव्यक्तीचा कुठे उल्लेखही नाही.

तसा उल्लेख करायला आधार नव्हता असे नाही. आणि तो आधार पुण्यातून आलेला होता. वृत्तपत्रांची किंमत आणि पाने यांची सांगड घालणारा कायदा १९५६मध्ये झाला आणि त्याखालचा आदेश १९६०मध्ये निघाला. नानासाहेब परुळेकरांचा ‘सकाळ’ रविवार सोडून आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने देत असे, अंकाची किंमत ७ नवे पैसे. आदेशाप्रमाणे ७ नव्या पैशांत २४च पाने देता येत; ३४ पाने ठेवायची तर किंमत वाढवा. सरकारचा हेतू वाईट नव्हता. मोठ्या वृत्तपत्रांच्या स्पर्धेपुढे लहान वृत्तपत्रे तगावीत, हा युक्तिवाद होता. २५ सप्टेंबर १९६१ रोजी न्या. जे. आर. मुधोळकर यांनी तो नाकारला. धंद्याच्या स्वातंत्र्यावर सर्वसाधारण लोकहितासाठी बंधन घालता येते, पण भाषणस्वातंत्र्यावर अनुच्छेद १९(२)मध्ये मोजून दिलेल्या कारणांखेरीज घालता येत नाही. एकाला वाढवण्यासाठी दुसऱ्याचे बोलणे छाटता येणार नाही. बकली निकालाच्या १४ वर्षे आधी आपल्या न्यायालयाने त्याच प्रश्नाला हे उत्तर दिलेले होते.

मग कंवरलाल गुप्ता निकालातली समता ‘सकाळ’च्या निकालाशी जुळते कशी? दुवा १९५४च्या एका निकालात सापडतो. ‘जमुनाप्रसाद मुखारिया’ खटल्यात न्या. व्हिव्हियन बोस यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, निवडणूक कायद्यातल्या बोलण्यावरच्या बंधनांविरुद्धचा दावा फेटाळताना म्हटले की हा कायदा कोणाचे तोंड बंद करत नाही. संसदेत जायचे असेल तर पाळायच्या अटी घालतो, एवढेच. उमेदवाराच्या बाबतीत हे मला पूर्णपणे मान्य आहे. जो सत्ता मागतो त्याने अटी पाळाव्यात. पण जो काहीच मागत नाही, त्याचे काय?

त्याच्यासाठी आपल्याकडे १९२०पासून एक कलम आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांखालच्या पहिल्या निवडणुकांच्या वेळी भारतीय दंडसंहितेत निवडणूक गुन्ह्यांचे प्रकरण घातले गेले, त्यातले कलम १७१-एच. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या निवडीसाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा प्रकाशन यांवर खर्च करणाऱ्याला ५०० रुपयांपर्यंत दंड. खर्च १० रुपयांच्या आत असेल आणि १० दिवसांत परवानगी मिळवली, तरच माफी. ब्रिटनमध्ये १९१८च्या कायद्यात अशीच तरतूद होती. तिथे ती पुढे ५ पौंडांच्या सवलतीसह चालू राहिली. १९९२मध्ये गर्भपातविरोधी कार्यकर्त्या फिलिस बोमन यांनी उमेदवारांची मते सांगणारी पत्रके वाटली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. फेब्रुवारी १९९८मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही ५ पौंडांची मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली, आणि ब्रिटनने २०००मध्ये ती ५०० पौंडांवर नेली. भारतात दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १७६ म्हणून तसेच उतरले. दंड १०,००० रुपये झाला. सवलतीची रक्कम १० रुपयेच राहिली.

कागद एकत्र ठेवले की आपल्या व्यवस्थेची उलटी मांडणी लक्षात येते. ज्याच्या खर्चावर मर्यादा घालायला सर्वांत भक्कम कारण आहे तो पक्ष मोकळा सोडला आहे. ज्याचे बोलणे घटनेने सर्वांत जपायला हवे, त्या पदरचे पैसे घालून पत्रक काढणाऱ्या माणसाला उमेदवाराची लेखी परवानगी लागते. टीकेचे पत्रक कलमाच्या शब्दांत बसत नाही, कारण ते ‘निवड घडवण्यासाठी’ केलेल्या खर्चाबद्दल बोलते. पण एका उमेदवाराविरुद्धचा मजकूर दुसऱ्याच्या फायद्याचा ठरवायला पोलीस ठाण्यात फारसा वेळ लागत नाही.

१९७४च्या स्पष्टीकरणाला आव्हान देणारी पी. नल्ला थंपी तेरा यांची याचिका १९८५मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यापुढे आली. खुल्या आणि न्याय्य निवडणुकीचे तत्त्व या स्पष्टीकरणाने पातळ होते, ही याचिकाकर्त्याची टीका गैरवाजवी नाही असे निकालपत्रात म्हटले आहे; पण ते घटनाबाह्य ठरले नाही, बदल करायचा तर संसदेने करावा. संसदेने तो २००३मध्ये केला. सूट आता मुख्यतः पक्षाच्या ‘स्टार प्रचारकां’च्या प्रवासखर्चापुरती उरली. जानेवारी २०२२पासून मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी यशवंतरावांचे चिरंजीव, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निवडणूक रोख्यांची योजना रद्द केली. आधार होता अनुच्छेद १९(१)(अ): पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क. कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभा देणारी २०१७ची दुरुस्तीही मनमानी म्हणून गेली. भाषणस्वातंत्र्याचे कलम अमेरिकेत मुख्यतः खर्च करणाऱ्याच्या कामी आले, आपल्याकडे ते पहिल्यांदा इतक्या जोरकसपणे ऐकणाऱ्याच्या कामी आले, आणि मला हा भारतीय न्यायशास्त्राने गाठलेला खरोखर मोठा टप्पा वाटतो. पक्षांच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादा असावी की नाही, हा मात्र त्या याचिकांचा विषय नव्हता. देशभर प्रचारावर पक्षाने किती खर्च करावा याला आजही कायद्यात कोणताही आकडा नाही.